मुदत आणि मदत : इंग्लंडातील गहाण घराचा इतिहास

कर्जापायी घर जाणे ही आपत्ती सर्व देशांच्या आणि सर्व काळांच्या परिचयाची आहे. परंतु ज्याचे घर गहाण आहे, ज्याचा रोजगार आजाराने किंवा मंदीने हिरावून घेतला आहे आणि ज्याचा प्रपंच सरकारी निर्वाहभत्त्यावर कसाबसा चालला आहे, अशा कुटुंबप्रमुखाने हप्ते थकले असता आपले छप्पर राखावे तरी कसे, हा प्रश्न त्या मानाने अर्वाचीन असून, तो इंग्लंडात जितक्या ठळक स्वरूपात उपस्थित झाला तितका अन्यत्र क्वचितच झाला असेल. कारण त्यासाठी दोन गोष्टी एकाच समाजात एकत्र याव्या लागतात : मजुरी करणाऱ्या माणसालाही वीस-पंचवीस वर्षांच्या मुदतीचे कर्ज काढून घराचा धनी होण्याची सोय, आणि तोच मनुष्य निरुद्योगी झाला तर त्याला वाऱ्यावर सोडायचे नाही अशी राज्यसंस्थेने पत्करलेली जबाबदारी. विसाव्या शतकात इंग्लंडात या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, आणि तेव्हापासून कर्जदाराला न्यायासनाने मुदत किती द्यावी आणि खजिन्याने मदत किती करावी या दोन विचारांची ओढाताण तेथे अव्याहत चालू आहे. मला या इतिहासात जे दिसते ते असे, की ज्या काळात मुदत आणि मदत या दोहोंचा मेळ बसला त्या काळात घरे वाचली, आणि एक असूनही दुसरी वेळेवर पोचली नाही त्या काळात ती गेली.

मध्ययुगीन इंग्लंडात गहाणाचा व्यवहार हा वस्तुतः शर्तीच्या विक्रीचाच एक प्रकार होता. कर्जदार आपली जमीन सावकाराच्या नावे करून देई, आणि अमुक दिवशी रक्कम पोचती केली तर जमीन परत मिळेल एवढीच शर्त दस्तऐवजात असे. पंधराव्या शतकातील न्यायाधीश टॉमस लिटलटन याने जमिनीच्या हक्कांवरील आपल्या ग्रंथात या व्यवहाराचे जे वर्णन केले आहे त्यावरून दिसते, की तो दिवस चुकला म्हणजे जमीन कायमची गेली. विलंब एका दिवसाचा असो वा वर्षाचा, विधिन्यायालये दस्तऐवजाच्या अक्षरापलीकडे पाहावयास तयार नसत. या निष्ठुरतेवर उतारा निघाला तो राजाच्या चान्सेलरच्या न्यायालयात, म्हणजे जेथे कायद्याच्या अक्षराऐवजी सदसद्विवेकाला आवाहन करता येत असे अशा ठिकाणी. सतराव्या शतकाच्या ओघात, आणि विशेषतः १६७५ ते १६८२ या काळात चान्सेलरपदी असलेल्या लॉर्ड नॉटिंगहॅम यांच्या कारकिर्दीत, चान्सरी न्यायालयाने असे तत्त्व प्रस्थापित केले की गहाण हे केवळ कर्जाचे तारण असून, दस्तऐवजात काहीही लिहिलेले असो, ठरलेला दिवस उलटून गेल्यावरही मुद्दल, व्याज आणि खर्च चुकता करून आपली मिळकत सोडवून घेण्याचा ऋणकोचा हक्क अबाधित राहतो. सावकाराला हा हक्क संपुष्टात आणायचा असेल तर त्याने न्यायालयात यावे, न्यायालय ऋणकोला सामान्यतः सहा महिन्यांची मुदत देईल, आणि त्या अवधीतही पैसे आले नाहीत तरच सोडवणुकीचे दार बंद होईल, असा प्रघात पडला. १७६२ साली लॉर्ड हेन्ली यांनी एका निकालात या तत्त्वामागची दृष्टी फार मार्मिकपणे सांगितली : गरजेने गांजलेला मनुष्य खऱ्या अर्थाने स्वतंत्र नसतो, तत्क्षणीची नड भागवण्यासाठी तो धूर्ताने घातलेली वाटेल ती अट मान्य करतो, आणि म्हणूनच त्याच्या संमतीकडे न्यायासनाने सावधपणे पाहिले पाहिजे, असा त्यांचा अभिप्राय होता. गहाणाच्या कायद्यावर आजवर जे काही लिहिले गेले आहे त्यात याहून अधिक माणुसकीचा विचार मला आढळलेला नाही.

पण हे सर्व चालले होते ते जमीनदारांसाठी. चान्सरीच्या खर्चिक आणि प्रदीर्घ कज्ज्यांत ज्यांना उभे राहता येत असे ते सरदार, सरंजामदार आणि व्यापारी होते. कारागीर आणि मजूर भाड्याच्या खोल्यांत राहत असत, त्यांना गहाण टाकण्यासारखे घरच नव्हते. ही स्थिती पालटण्याचा आरंभ बर्मिंगहॅम शहरातील एका खाणावळीत झाला. 'गोल्डन क्रॉस' नावाच्या त्या खाणावळीच्या रिचर्ड केटली या चालकाने १७७५ साली जी मंडळी स्थापन केली ती ज्ञात असलेली पहिली बिल्डिंग सोसायटी होय. सभासदांनी दर महिन्याला ठरावीक वर्गणी भरावी, जमलेल्या रकमेतून पाळीपाळीने एकेकाचे घर व्हावे, आणि सर्वांची घरे झाली म्हणजे मंडळी विसर्जित करावी, अशी तिची मूळ योजना. आपल्याकडील भिशीशी तिचे साम्य सहज लक्षात येईल. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास विसर्जित न होणाऱ्या, कायमच्या सोसायट्या निघाल्या, १८७४ च्या कायद्याने त्यांना कायदेशीर व्यक्तित्व मिळाले, आणि परस्परसाहाय्याच्या या छोट्या मंडळ्यांतून हळूहळू मोठमोठ्या कर्जसंस्था उभ्या राहिल्या. तरीही पहिल्या महायुद्धापर्यंत इंग्लंडातील बहुसंख्य कुटुंबे भाडेकरूच होती. खरा पालट दोन महायुद्धांच्या दरम्यान झाला, जेव्हा व्याजाचे दर उतरले, लंडनच्या भोवती उपनगरांच्या रांगा उठल्या, आणि कारकून, मोटारहाके, शिक्षक असे लोक अल्प अनामत भरून आठवड्याच्या हप्त्यांवर घरे घेऊ लागले.

या नव्या गृहस्थवर्गाचा पहिला मोठा झगडा वेस्ट विकहॅम येथील कोनी हॉल या वसाहतीत झाला आणि तो लढवला एका टॅक्सीचालकाच्या पत्नीने. एल्सी बॉर्डर्स हे तिचे नाव. घराचे बांधकाम निकृष्ट निघाले, भिंतींना ओल आली, छप्पर गळू लागले, तेव्हा १९३७ साली तिने हप्ते देणे थांबवले. कर्ज देणाऱ्या बिल्डिंग सोसायटीने ताब्याचा दावा लावला, त्यावर तिने नुकसानभरपाईचा प्रतिदावा केला, आणि वकील न देता उच्च न्यायालयात स्वतःच आपली बाजू मांडली. १९३९ च्या आरंभी सोसायटीचा ताब्याचा दावा फेटाळला गेला, कारण न्यायालयापुढे ठेवलेले गहाणखत तिने सही केलेलेच होय हे सिद्ध झाले नाही. मात्र प्रतिदाव्यात तिला अखेर यश आले नाही, आणि १९४१ साली हाउस ऑफ लॉर्ड्सनेही निकाल तिच्या विरुद्ध दिला. तिच्या उदाहरणाने लंडनच्या आसपासच्या कित्येक वसाहतींतील लोकांनी हप्ते रोखले होते, आणि बिल्डर व सोसायट्या यांच्यातील अंतस्थ व्यवहारांना आळा घालणारा १९३९ चा कायदा या चळवळीच्या पार्श्वभूमीवरच झाला. या खटल्याचे स्मरण एवढ्यासाठी, की हप्ता थकवणारा मनुष्य हा बुडवा किंवा आळशीच असला पाहिजे या समजुतीला त्याने प्रथम जाहीर धक्का दिला.

कायदा मात्र अजून सावकाराच्या बाजूला होता. चान्सरीने सतराव्या शतकात ऋणकोचा मालकीहक्क वाचवला होता खरा. पण ताबा ही वेगळी गोष्ट होती. १९५७ साली न्यायमूर्ती हार्मन यांनी स्पष्टच सांगितले की करारात काही वेगळे नसेल तर गहाणखतावरची शाई वाळण्यापूर्वीदेखील सावकार घराचा ताबा घेऊ शकतो, मग हप्ता थकलेला असो वा नसो. १९३६ पासून चान्सरीच्या कनिष्ठ न्यायाधिकाऱ्यांनी एक दयाळू वहिवाट पाडली होती : दावा पुढे ढकलायचा आणि तेवढ्या अवधीत कर्जदाराला हप्त्याहप्त्याने थकबाकी फेडू द्यायची. १९६२ साली न्यायमूर्ती रसेल यांनी एका प्रकरणात ती वहिवाट बेकायदेशीर ठरवली. सावकाराची हरकत असेल तर संपूर्ण कर्ज फेडण्याची खरी शक्यता असल्याखेरीज, आणि तीही अठ्ठावीस दिवसांसारख्या अल्प काळापुरती असल्याखेरीज, न्यायालयाला तहकुबीचा अधिकारच नाही, असा तो निकाल होता. डॉक्टरने ज्याला घरी बसवले आहे असा मनुष्य अठ्ठावीस दिवसांत सगळे कर्ज कोठून आणणार?

या ठिकाणी महाराष्ट्राच्या इतिहासाचे एक पान उलगडणे अगत्याचे आहे, कारण इंग्रजी गहाणकायद्याची आणि दख्खनच्या कुणब्याची गाठ एकाच साम्राज्यात पडली होती, आणि इंग्लंडातील गृहस्थाला जे १९६२ साली नाकारले गेले ते पुण्या-नगरच्या शेतकऱ्याला त्यापूर्वी कितीतरी आधी मिळालेले होते. आपल्याकडे 'गहाण लहाण' या शर्तीचे दस्तऐवज सर्रास होत असत; मुदतीत पैसे आले नाहीत तर गहाणाचे रूपांतर आपोआप खरेदीत व्हावे, हा त्या शर्तीचा अर्थ. १८६४ साली मुंबईच्या हायकोर्टाने चान्सरीचे तत्त्व या दस्तऐवजांना लावले आणि मुदत टळल्यावरही ऋणकोला सोडवणुकीचा हक्क आहे असे ठरवले. पुढे प्रिव्ही कौन्सिलने अशा व्यवहारांबाबत प्रतिकूल मत दिले असताही मुंबई इलाख्यात ही परंपरा टिकून राहिली. परंतु हक्क कागदावर राहून भागत नाही. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याचे आयुष्य तीन वर्षांवर आले, त्यामुळे दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेण्याचा सपाटा सुरू झाला. मुनसफाच्या कचेरीत प्रतिवादी गैरहजर म्हणून एकतर्फी हुकूमनामे होऊ लागले. आणि अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला आलेली तेजी १८६५ नंतर ओसरली तेव्हा वाढलेले कर्ज आणि वाढलेला सारा एकदमच शेतकऱ्याच्या माथी आला. १८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातील कर्डे या गावी एका सावकाराने दीडशे रुपयांच्या कर्जापायी बाबासाहेब देशमुखांविरुद्ध निष्कासनाचा हुकूमनामा मिळवून त्यांचे घर पाडावयास घेतले, आणि सबंध गाव त्याच्या विरोधात उभे राहिले. गावकऱ्यांनी त्याच्याशी सर्व व्यवहार तोडला. तो बहिष्कार गावोगाव पसरला, आणि १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजारच्या दिवशी जमावाने सावकारांच्या वह्या, रोखे आणि खते जाळून टाकली. दख्खनच्या दंग्यांचा आरंभ असा एका पाडलेल्या घरापासून झाला, ही गोष्ट आपल्या इतिहासलेखनात जितक्या ठसठशीतपणे यावयास हवी तितकी येत नाही.

त्यानंतर चौकशीमंडळ नेमले गेले, आणि पुणे, अहमदनगर, सोलापूर व सातारा या चार जिल्ह्यांसाठी १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. रोख्यावर लिहिलेली रक्कम प्रमाण न मानता व्यवहाराच्या आरंभापासूनचा हिशेब न्यायाधीशाने तपासावा, देणे न दिल्याबद्दल शेतकऱ्याला कैदेत टाकू नये, आणि देणे हप्तेबंदीने फेडण्याची परवानगी असावी, अशा त्यातील तरतुदी होत्या. एकोणिसावे शतक संपण्यापूर्वीच गहाणाच्या हुकूमनाम्यातील रकमेचेही हप्ते बांधून देण्याचा अधिकार न्यायालयाला दुरुस्तीने मिळाला. न्यायमूर्ती रानडे यांनी या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले. एवढे असूनही कायद्याचा उपयोग मर्यादित राहिला, आणि त्याचे कारण त्या वेळच्या विचारवंतांच्या ध्यानात आले होते : न्यायालय मुदत देऊ शकते, पण नवा हप्ता भरायला रोकड देऊ शकत नाही. म्हणूनच सनदी अधिकारी विल्यम वेडरबर्न यांनी रानड्यांसारख्यांच्या पाठिंब्याने पुरंदर तालुक्यात प्रयोगादाखल शेतकी पेढी काढण्याची योजना १८८२ च्या सुमारास पुढे मांडली; हिंदुस्थान सरकारची तिला अनुकूलता होती, परंतु लंडनमधील भारतमंत्र्यांनी ती नामंजूर केली. मुदत मिळाली, मदत मिळाली नाही. आणि कुणबी पुन्हा त्याच सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसला.

तिकडे इंग्लंडात, न्यायालयाने ठरवलेल्या देण्यांच्या वसुलीचा विचार करणाऱ्या पेन समितीने १९६९ साली आपला अहवाल दिला आणि १९७० च्या न्यायव्यवस्था कायद्याच्या ३६ व्या कलमाने राहत्या घराच्या बाबतीत न्यायालयांना प्रथमच स्पष्ट अधिकार मिळाला : कर्जदार वाजवी अवधीत देय रक्कम फेडू शकेल असे दिसले तर दावा तहकूब करावा, ताब्याचा हुकूम स्थगित ठेवावा, किंवा त्याची तारीख पुढे न्यावी. पण कायदा करणाऱ्यांच्या हातून एक छिद्र राहून गेले होते. बहुतेक गहाणखतांत एक हप्ता चुकला की सगळे कर्ज एकदम देय होते असे कलम असे. १९७३ साली न्यायालयाने 'देय रक्कम' म्हणजे ते सगळे कर्ज, असा अर्थ लावल्यामुळे दिलेले संरक्षण जवळजवळ निरर्थक झाले. संसदेने त्याच वर्षी दुरुस्ती करून देय रक्कम म्हणजे केवळ थकलेले हप्ते, असे स्पष्ट केले. 'वाजवी अवधी' म्हणजे किती, हा प्रश्न तरीही उरलाच; कनिष्ठ न्यायालये दोन, फार तर चार वर्षे देत असत. नव्वदीच्या दशकाच्या मध्यास अपील न्यायालयाने ठरवले की विचाराला आरंभ करताना कर्जाची उरलेली संपूर्ण मुदत हाच वाजवी अवधी समजावा. लिटलटनच्या काळी जेथे एक दिवस चुकला की सारे संपत असे, तेथे आता थकबाकी दहा-पंधरा वर्षांत वाटून देता येऊ लागली. या एका निकालाने किती कुटुंबांच्या डोक्यावरचे छप्पर टिकले असेल, याची मोजदाद कोणी केलेली नसली तरी त्याचे मोल फार मोठे आहे.

आता मदतीकडे वळू. १९४८ साली जुना दरिद्रांचा कायदा मोडीत निघाला आणि राष्ट्रीय साहाय्य मंडळ अस्तित्वात आले, तेव्हा निराधाराला भाड्यासाठी जी रक्कम मिळे तिच्याच जोडीला स्वतःच्या घरात राहणाऱ्यास गहाणावरील व्याजासाठी साहाय्य देण्याची पद्धत पडली. मुद्दलाचा हप्ता सरकार भरत नसे, कारण तो भरला तर करदात्यांच्या पैशाने खाजगी मालमत्ता निर्माण होते, असा युक्तिवाद होता. पण व्याज मात्र पुरे मिळे. कर्जसंस्थाही बहुधा तेवढ्यावर थांबत, मुद्दल पुढे ढकलत, आणि माणूस पुन्हा कामाला लागण्याची वाट पाहत. घर गहाण असलेल्यांची संख्या थोडी होती तोवर या मदतीची कोणाला फारशी जाणीवही नव्हती. १९८० च्या कायद्याने नगरपालिकांच्या घरांतील भाडेकरूंना ती घरे सवलतीने विकत घेण्याचा हक्क मिळाला, आणि लक्षावधी कष्टकरी कुटुंबे मालक झाली. म्हणजेच ज्यांचा रोजगार सर्वांत अस्थिर, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या डोक्यावर गहाणाचा बोजा आला. त्याच दशकात बेकारी तीस लाखांवर गेली. साहाय्याचा खर्च वाढला आणि १९८७ च्या आरंभापासून पहिल्या सोळा आठवड्यांपुरते व्याज निम्मेच देण्याचे ठरले.

त्यानंतर जे घडले ते इंग्लंडच्या मध्यमवर्गाला अजून विसरता आलेले नाही. १९८९ च्या ऑक्टोबरात बँक ऑफ इंग्लंडचा दर शेकडा १५ वर गेला, घरांच्या किमती कोसळल्या, कारखाने आणि कचेऱ्या बंद पडू लागल्या, आणि १९९१ या एका वर्षात सुमारे ७५,५०० घरे कर्जसंस्थांच्या ताब्यात गेली. पुष्कळांची स्थिती अशी होती की घर विकूनही कर्ज फिटत नव्हते. हताश होऊन अनेकांनी किल्ल्या आपण होऊन सावकाराच्या हवाली केल्या, आणि त्यातच त्यांची दुहेरी हानी झाली. कारण किल्ली परत केल्याने कर्ज संपत नाही, विक्री होईपर्यंत व्याज चढतच राहते, आणि १९७७ च्या निराश्रितांविषयीच्या कायद्यापासून चालत आलेल्या नियमानुसार स्वखुशीने घर सोडणारा 'बुद्ध्याच बेघर' ठरून नगरपालिकेकडे कायमचा आसरा मागण्याचा त्याचा हक्क धोक्यात येतो. सल्लाकेंद्रांतील कार्यकर्ते तेव्हापासून पहिल्याच भेटीत हेच बजावत आले आहेत, की पत्रे उघडा, किल्ल्या देऊ नका, सुनावणीला जा. १९९१ च्या अखेरीस सरकार आणि कर्जसंस्था यांच्यात तडजोड झाली आणि पुढील वर्षी कायदा होऊन व्याजाचे साहाय्य थेट कर्जसंस्थेकडे जमा होऊ लागले, त्या बदल्यात असे साहाय्य मिळणाऱ्यांवर दावे न लावण्याचे कर्जसंस्थांनी मान्य केले. मुदत आणि मदत या दोहोंची स्पष्ट सांगड घालण्याचा हा प्रयत्न होता, आणि पुढील वर्षांत घरे जाण्याचे प्रमाण उतरत गेले. व्याजदर कमी झाल्याचा त्यातील वाटाही अर्थातच मोठा होता.

म्हणूनच १९९५ चा निर्णय मला अक्षम्य वाटतो. त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून नव्या कर्जदारांना पहिले ३९ आठवडे व्याजाची काहीच मदत मिळणार नाही, त्या काळासाठी त्यांनी खाजगी विमा उतरवावा, असे ठरले. ३९ आठवडे म्हणजे नऊ महिने. कर्जसंस्था सामान्यतः दोन-तीन महिन्यांची थकबाकी साचली की दाव्याची तयारी करीत. म्हणजे न्यायालयात मनुष्य उभा राहील तेव्हा त्याच्या हाती काहीच नसेल, आणि मदत सुरू होईल तेव्हा कदाचित घरच नसेल, अशी ही रचना होती. ज्यांना नोकरी आहे त्यांना गहाणाच्या व्याजावर प्राप्तिकरात सवलत मिळतच होती. ती नव्वदीच्या दशकात उतरत गेली हे खरे, पण रद्द झाली ती २००० साली. निरुद्योग्याची मदत आधी तोडली आणि नोकरदाराची सवलत नंतर, हा क्रम कोणत्याही न्यायबुद्धीला पटणारा नाही. आणि विमा? आजारी असलेल्यांना, स्वतंत्र धंदा करणाऱ्यांना, हंगामी कामगारांना त्यातून काही मिळण्याची शक्यता पुष्कळदा नव्हती, तरी तो त्यांच्या गळ्यात बांधला गेला. २०११ च्या न्यायनिर्णयानंतर सर्व प्रकारच्या कर्जांवरील अशा विम्याच्या गैरविक्रीबद्दल बँकांना तीन हजार आठशे कोटी पौंडांहून अधिक रक्कम ग्राहकांना परत करावी लागली.

२००८ ची मंदी १९९१ पेक्षा खोल होती, पण त्या मानाने घरे पुष्कळच कमी गेली. बँक ऑफ इंग्लंडचा दर शेकडा अर्ध्यावर आला हे एक कारण; दुसरे असे, की २००९ च्या जानेवारीपासून प्रतीक्षेचा काळ ३९ वरून १३ आठवड्यांवर आणला गेला आणि ज्या कर्जावर साहाय्य मिळते त्याची मर्यादा एक लाखावरून दोन लाख पौंडांवर नेण्यात आली; तिसरे, नोव्हेंबर २००८ पासून दाव्यापूर्वीच्या वर्तनाचे नियम लागू झाले, ज्यांनुसार घराचा ताबा मागणे हा अखेरचा उपाय असून, त्यापूर्वी कर्जदाराशी बोलणी केली होती हे कर्जसंस्थेने न्यायालयाला दाखवावे लागते. लंडनच्या परिसरात हॅरो किंवा स्लाव येथे हप्त्यांवर घरे घेऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांनाही त्या काळात याच नियमांचा आधार होता.

काउंटी कोर्टातील अशा सुनावणीचे स्वरूप बाहेरच्या माणसाच्या कल्पनेपेक्षा फार साधे असते. एका लहानशा खोलीत, बहुधा सामान्य पोषाखातील न्यायाधीशापुढे, काही मिनिटांत प्रकरण चालते. कर्जदाराने आपली मिळकत आणि खर्च यांचा तक्ता, साहाय्याच्या मंजुरीचे पत्र आणि फेडीचा प्रस्ताव आणावा, एवढीच अपेक्षा असते. चालू हप्ता आणि त्यावर थकबाकीपोटी थोडी रक्कम असा प्रस्ताव विश्वासार्ह दिसला तर ताब्याचा हुकूम होतो पण तो स्थगित राहतो, आणि बेलिफाचे वॉरंट निघाल्यावरसुद्धा अर्ज करून ते थांबवता येते. भत्त्यावर जगणाऱ्याची अडचण याच टप्प्यावर सर्वांत तीव्र होते. सरकारकडून येणारे व्याज प्रमाणदराने मोजलेले असते, कर्जाचा प्रत्यक्ष दर त्याहून अधिक असेल तर फरक उरतो, मुद्दल उरते आणि जुनी थकबाकी उरते. भाजीपाला, वीज, मुलांचे बूट यांतून वाचवून जे काही दर आठवड्याला बाजूला टाकता येईल त्यावर न्यायाधीशाला 'फेडण्याची शक्यता' पारखावी लागते. पुष्कळ न्यायाधीश ती पारख उदारपणे करतात. परंतु शून्यातून हप्ता निर्माण करणे त्यांच्याही अधिकारात नाही.

२०१६ साली प्रतीक्षेचा काळ पुन्हा ३९ आठवडे झाला. मग ६ एप्रिल २०१८ पासून त्याहून मूलगामी फरक झाला : सत्तर वर्षे अनुदान म्हणून मिळालेली व्याजाची मदत कर्ज बनली. ही रक्कम व्याजासह घरावर बोजा म्हणून चढते, आणि घर विकले जाईल किंवा हस्तांतरित होईल तेव्हा त्याच्या किमतीतून वसूल होते. पुष्कळ जणांनी, विशेषतः वृद्धांनी, हे कर्ज घेण्याचे नाकारले. ज्यांनी आयुष्यभर हप्ते भरले त्यांना म्हातारपणी सरकारच्या नावे घरावर दुसरा बोजा चढवणे लाजिरवाणे वाटले, आणि मुलांसाठी ठेवलेल्या घरातून ती रक्कम वजा होणार ही भीती होतीच. २०२३ च्या एप्रिलपासून प्रतीक्षा तीन महिन्यांवर आली आणि थोडीफार कमाई असली तरी साहाय्य मिळू शकेल असा बदल झाला; हे दोन्ही बदल योग्य दिशेचे आहेत. परंतु मदत आता अनुदान राहिलेली नाही. बँकेनंतरचे दुसरे गहाण स्वतः राजसत्तेचे आहे, आणि चान्सरीने साडेतीनशे वर्षांपूर्वी गहाण घेणाऱ्याच्या सद्सद्विवेकाविषयी जे प्रश्न विचारले होते ते आज त्या दुसऱ्या धनकोलाही विचारता येतील.